धर्मादाय वाचन मॅरेथॉन, धरमपेठ, नागपूर: पुस्तकाच्या दुकानात दिवसभर वाचायचंय, सल्ले हवेत

चष्मेवाली (धागाकर्ती)

मंडळी, धरमपेठेतल्या आमच्या नेहमीच्या पुस्तकाच्या दुकानाचे काका एका रविवारी जागा द्यायला तयार झालेत. कल्पना अशी आहे: माणसं आळीपाळीनं मोठ्यानं वाचत राहतील, वाचन मधे थांबू द्यायचं नाही. प्रत्येक वाचकाच्या नावानं त्याचे नातेवाईक, शेजारी, ऑफिसातली मंडळी पैसे लावतील. जमेल ती रक्कम गडचिरोलीतल्या भामरागड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या पुस्तकांना. तिथले एक शिक्षक इथले जुने सभासद आहेत, त्यांना धागा पाठवलाय.

जागा मोठी नाही. मधली टेबलं भिंतीला लावली तर वीसेक खुर्च्या बसतात. काकांची अट एकच, दुकान चालू राहणार. गिऱ्हाईक आलं तर ते वाचणाऱ्याच्या समोरूनच जाणार.

माझ्या डोक्यात सकाळी आठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठ, असे चोवीस तास आहेत. तारीख, वाचायचं काय, पैशाचा हिशेब कसा ठेवायचा, सगळ्यावर बोला. स्वतः वाचणार असाल तर तेही सांगा.

तर्री_पोहे

ताई, चोवीस तास जास्तच झालं बाप्पा. रात्री तीन वाजता आयकाले कोन येऊन राहिलं? वाचनारा एक, अन् झोपलेला वॉचमन एक. बारा तास करा, सकाळी आठ ते रात्री आठ. नाश्त्याचे पोहे माह्याकडून. तर्री नाही आननार, पुस्तकाले डाग पडला तं काका घरी येऊन मारतीन.

ॲक्वा_लाइन

बारा तासांना अनुमोदन. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही, म्हणजे रात्रभर विनामाईक घसा फोडावा लागेल. शिवाय दुकानाच्या वरच्या मजल्यावर कुटुंबं राहतात.

तारखेबद्दल. २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन असला तरी तो नागपूरचा एप्रिल आहे. बेचाळीस डिग्रीत दुपारी दीडला कोण बाहेर पडतं, आणि कूलर लावला की वाचणाऱ्याचा आवाज कुठला ऐकू येतो! १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन, हा दसऱ्याच्या आगेमागे पडतो. त्या दिवसांत पुस्तकांची खरी गर्दी दीक्षाभूमीवर असते. पिशव्या भरभरून पुस्तकं घेऊन गावी परतणारी माणसं ज्यानं पाहिली आहेत तो त्या आठवड्यात दुसरा कार्यक्रम ठेवणार नाही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, मोर्चे, बर्डीचे रस्ते बंद. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन म्हणून प्रत्येक कॉलेजात काहीतरी असतंच, शिवाय बोर्डाच्या परीक्षा.

राहिला जानेवारी. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो. शाळांना तसंही काहीतरी करून दाखवायचं असतं, मुलं आयती मिळतील. संक्रांतीनंतरचा रविवार धरा. फक्त पतंगांचा दिवस टाळा, नाहीतर एकही पोरगा सापडायचा नाही.

येण्याचं म्हणाल तर मेट्रोनं शंकरनगर चौक. तिथून पायी किंवा ऑटो.

खडूस_काका

हे सगळं कशासाठी ते कळलं नाही. शाळेला पुस्तकं हवीत, तुमच्याकडे पैसे आहेत, पाठवून द्या. पाच मिनिटांचं काम. बारा तास घसा कोरडा करून शाळेला काय जास्तीचं मिळणार? हल्ली कुठलंही दान कार्यक्रमाशिवाय होतच नाही.

चष्मेवाली

काका, राग नाही. पण माझ्याकडे पैसे आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलं? माझ्या एकटीच्या खिशातून चार पुस्तकं जातील. माझी नववीतली भाची वीस मिनिटं वाचणार म्हटलं की तिची आजी, दोन मामा आणि ट्यूशनच्या बाई प्रत्येकी शंभर-दोनशे काढतात. एरवी यातल्या कोणालाही भामरागड नकाशावर दाखवता येणार नाही. आणि ही माणसं पोरीचं वाचन ऐकायला दुकानात येतात, त्यातल्या काहींनी तर वर्षानुवर्षांत पुस्तकाच्या दुकानाची पायरी चढलेली नसते.

कार्यक्रमबाजीबद्दल मात्र सहमत. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुणे यातलं काहीही नाही. आठ वाजले की पहिलं वाक्य.

अर्धा_वकील

दोन गोष्टी, दोन्ही रुक्ष.

पैसे. तुमचा गट नोंदणीकृत नाही. अशा गटानं धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणपती मंडळं दरवर्षी घेतात, तीच. कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर पैसे घेणं तर नकोच. हेतू कितीही चांगला असो, पहिल्या भांडणात तोच माणूस अडकतो. एखादा नोंदणीकृत ट्रस्ट मधे घेतला तर ८०जीची (प्राप्तिकरात सवलतीची) पावती मिळू शकते, पण ती सवलत जुनी करप्रणाली घेणाऱ्यांनाच, आणि दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत.

वाचन. सार्वजनिक ठिकाणी छापील पुस्तकातला वाजवी उतारा वाचायला प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ नं मुभा आहे. अख्खं पुस्तक वाचायचं तर वेगळा विचार करावा लागतो. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, ती ६० वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. म्हणजे राम गणेश गडकरी (१९१९ साली गेले, तेही आपल्या सावनेरला) बिनधास्त वाचा. साने गुरुजी १९५० साली गेले, तेही मोकळे. बाबासाहेबांचं लेखन १ जानेवारी २०१७ पासून मोकळं. पण तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, म्हणजे २०२८ अखेरपर्यंत हक्क शाबूत आहेत. तिथं उताराच घ्या, किंवा रीतसर विचारा. संतवाङ्मय मोकळं, पण त्यावरच्या आधुनिक संपादकाच्या टीपा आणि अर्थ त्याच्या मालकीचे. अनुवादाचंही तसंच, मूळ लेखक जुना असला तरी अनुवादकाचा हक्क वेगळा मोजतात.

आणि फेसबुक लाइव्ह नको. दुकानात वीस माणसांपुढे वाचणं आणि ते कायमचं इंटरनेटवर चढवणं यात कायद्याच्या दृष्टीनं बराच फरक पडतो.

तर्री_पोहे

वकीलसाहेब, अर्धे असून एवढं, पूर्न असते तं आमचं काय झालं असतं.

निवृत्त_ग्रंथपाल

अनेक वर्षं अभिवाचनाचे कार्यक्रम केले आहेत, म्हणून थोडं विस्तारानं लिहितो.

बारा तासांचे वीस-वीस मिनिटांचे छत्तीस स्लॉट होतात. वीस मिनिटं ऐकायला कमी वाटतात. सवय नसलेल्या माणसाचा घसा बाराव्या मिनिटाला बसतो आणि मग तो पळायला लागतो. स्वल्पविराम गिळतो, पूर्णविरामावर श्वास घेत नाही. त्याला घरी घड्याळ लावून एकदा पूर्ण वाचून यायला सांगा. लहान मुलांना दहाच मिनिटं, एका स्लॉटमध्ये दोघं.

खरी गंमत अदलाबदलीत असते. वाचन थांबू द्यायचं नाही म्हणता, मग टेबलं दोन हवीत, दिवे दोन, आणि पुस्तकंही शक्यतो दोन. पुढचा वाचक पाच मिनिटं आधी दुसऱ्या टेबलावर येऊन बसेल, पान उघडून. पहिल्याचं शेवटचं वाक्य संपलं की याचं सुरू. "आता आपल्यासमोर येत आहेत" असं निवेदन मधे घुसवू नका. कोण वाचतंय हे पाटीवर खडूनं लिहा, वाचता येणारी माणसं आहेत ती.

कादंबरी सलग वाचायचा मोह आवरा. अकराला आलेल्या माणसाला नऊ वाजता काय झालं ते ठाऊक नसतं, तो पाच मिनिटांत उठतो. पत्रं, प्रवासवर्णनं, विनोदी लेख, आत्मचरित्रातला एखादा प्रसंग, म्हणजे वीस मिनिटांत ज्याला शेंडाबुडखा आहे ते घ्या. कविता सांभाळून. कविता वाचणाऱ्यांना स्वतःच्या कविता खिशात आणायची सवय असते. हा नियम पहिल्या दिवशीच जाहीर करा: स्वलिखित चालणार नाही. कोणीही कितीही गळ घातली तरी.

दुपारी दोन ते चार खुर्च्या रिकाम्या पडतात. त्या वेळात मुलांना बसवा, मुलांबरोबर आईबाप येतातच. त्यांच्यासाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी आहेत. त्या मुक्त परवान्याच्या असल्यानं आमचे अर्धे वकील हरकत घेणार नाहीत. आणि साडेसहानंतरचे स्लॉट तुमच्या सगळ्यात कसलेल्या वाचकांना राखून ठेवा. सगळ्यांना सकाळचे ताजे स्लॉट हवे असतात, संध्याकाळी उरतात ते संयोजक, आणि त्यांचा आवाज तोवर गेलेला असतो.

पाणी कोमट. थंड नको, चहा वाचनानंतर.

अर्धा_वकील

हरकत नाही. गोष्टीबरोबर लेखक-चित्रकाराचं नाव वाचायचं तेवढं विसरू नका, परवान्याची तीच अट आहे.

पुणेरी_प्रवासी

कल्पना चांगली आहे, पण स्केल लहान वाटतो. एखादी कंपनी प्रायोजक म्हणून घेतली तर मोठं सभागृह, बॅनर, टी-शर्ट सगळं होईल. पानामागे पाच रुपये असा दर लावला तर स्पर्धाही होईल. सर्वाधिक पानं वाचणाऱ्याला बक्षीस द्या.

निवृत्त_ग्रंथपाल

पानामागे दर लावला की लोक मोठ्या टायपाची पुस्तकं शोधतात. मुलं तर पहिल्या तासात शोधतील. आणि शर्यतीचं वाचन कुणी ऐकत नाही.

चष्मेवाली

टी-शर्टच्या खर्चात दोन-तीन वर्गांची पुस्तकं येतील, म्हणून नको. दुकान लहान आहे हे मान्य. पण सभागृहात केलं तर ते दुकान राहत नाही, आणि मला दुकानातच करायचंय.

काउंटरवरून

मी पुस्तकाच्या दुकानात काम करतो (हे दुकान नव्हे, दुसरं). कोणीच दुकानदाराच्या बाजूनं बोललं नाही, म्हणून मी बोलतो.

रविवार हा आमचा विक्रीचा दिवस. मधली टेबलं हलवली म्हणजे नवीन आलेली पुस्तकं भिंतीला गेली, ती त्या दिवशी विकली जात नाहीत. गर्दी येते, पण कार्यक्रमाची गर्दी गिऱ्हाईक नसते. पुस्तकं हातात घेते, मोबाईलवर फोटो काढते, "ऑनलाइन किती कमी आहे बघ" म्हणते आणि आमच्याच चहाचा कप आमच्याच पुस्तकावर ठेवून जाते. मग शेवटी संयोजक येऊन म्हणतात, शाळेसाठी घेतोय, चाळीस टक्के सूट द्या. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे तिथं वाचवण्यासारखं काही नसतं. सूट मिळते ती सगळी दुकानदाराच्या कमिशनातून. म्हणजे दान तुमच्या नावावर आणि भुर्दंड काकांना.

माझं म्हणणं सरळ आहे. पैसे गोळाच करू नका. मास्तरांकडून पुस्तकांची यादी घ्या. काका ती पुस्तकं आधी मागवून एका वेगळ्या कपाटात लावतील. भाचीची आजी शंभर-दोनशे देणार आहे ना? तिनं काउंटरवर जाऊन यादीतलं तेवढ्याचं पुस्तक विकत घ्यावं, बिल घ्यावं आणि पुस्तक खोक्यात टाकावं. तुमच्या हाताला पैसा लागत नाही. सूट किती द्यायची ते काकांचं काकांना ठरवू द्या, मागू नका.

अर्धा_वकील

हे मला सुचायला हवं होतं. प्रत्येकानं स्वतः पुस्तक विकत घेऊन शाळेला भेट दिलं तर ती वर्गणी होत नाही, आणि माझ्या मते ४१कचा प्रश्नच उरत नाही. ८०जीची पावती मिळणार नाही, पण दोनशे रुपयांवर कोण मागतंय! शाळेकडून मुख्याध्यापकांचं आणि शाळा व्यवस्थापन समितीचं संमतीपत्र मात्र आधी घ्या.

संत्रागोळी

आमच्या घरी दोन पेट्या जुनी पुस्तकं आहेत, बाबांची. काही स्पर्धा परीक्षांची, काही दिवाळी अंक. तीही खोक्यात टाकली तर चालतील का? रद्दीत द्यायला जिवावर येतं.

मास्तर_भामरागड

ताईंनी धागा पाठवला तेव्हापासून वाचतोय. नेटवर्क मिळालं की लिहायचं म्हणता म्हणता आज जमलं.

संत्रागोळी, राग मानू नका, पण नको. आमच्याकडे जुन्या पुस्तकांची पोती येतात. त्यात काय निघतं सांगू? जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, शेअर बाजारावरची पुस्तकं, लग्नाचे अल्बम ठेवायची रिकामी कव्हरं. शहरात जे रद्दीत टाकायला जिवावर येतं ते आमच्याकडे येतं, आणि आम्हाला ते टाकताही येत नाही, कारण एकदा नोंद झाली की ते शाळेची मालमत्ता.

हा नोंदीचा प्रकार समजून घ्या. शाळेला आलेली वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला चढते. पुस्तक हरवलं, फाटलं, तर ज्याच्याकडे चार्ज आहे तो शिक्षक उत्तर देतो. म्हणून काय होतं? पुस्तकं कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे. तपासणीला साहेब आले की कपाट उघडतं, कोरी करकरीत पुस्तकं दिसतात, साहेब खूश. मी कपाटाला हात लावत नाही. वर्गात खिडकीच्या गजापासून दारापर्यंत सुतळी बांधली आहे, तिच्यावर पुस्तकं कपड्यांसारखी टांगलेली असतात. पोरं स्वतः काढतात, स्वतः टांगतात. फाटतात. फाटलीच पाहिजेत. तेव्हा पत्रात एक ओळ घाला, "ही पुस्तकं मुलांच्या रोजच्या वापरासाठी असून वापरानं झिजणं, फाटणं गृहीत धरलेलं आहे." ती ओळ मला पुस्तकांपेक्षा जास्त उपयोगी आहे.

यादीबद्दल. आमच्या पहिली-दुसरीच्या पोरांची घरची भाषा माडिया. मराठी ती शाळेत येऊन शिकतात. त्यांना जाड पुस्तकं, थोर पुरुषांची चरित्रं, संस्कारकथा पाठवू नका. एका पानावर मोठं चित्र आणि एक-दोन ओळी, अशी पुस्तकं हवीत. चित्रात जंगल, नदी, कोंबड्या, बैल असले तर पोरं आपण होऊन बोलायला लागतात, आधी माडियात आणि मग हळूहळू मराठीत. एका पुस्तकात लिफ्टचं चित्र होतं, ते समजावण्यात एक तास गेला (मजा आली ती वेगळी). सहावी-सातवीच्या मुलींना मात्र लांब गोष्टी लागतात, त्या दोन दिवसांत पुस्तक संपवतात. एकाच पुस्तकाच्या चार प्रती द्या, चौघी एकत्र वाचतात. यादी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, तीस पुस्तकांची. त्याच्या बाहेरचं शक्यतो नको.

जानेवारी योग्य. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुरानं आमचा संपर्क किती वेळा तुटलाय ते पेपरात वाचलं असेलच. खोकी पोस्टानं पाठवू नका, स्वस्तातली नोंदणीकृत बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. एसटीनं गडचिरोलीपर्यंत पोचवा, पुढचं मी बघतो. खोकं मोठं नको, एका माणसाला उचलेल एवढंच.

संत्रागोळी

राग नाही मास्तर. रिकाम्या कव्हरांचं वाचून हसू पण आलं आणि लाज पण वाटली. दुपारचा मुलांचा एक स्लॉट माझ्या मुलाला द्या, यादीतली दोन पुस्तकं आमच्याकडून.

खडूस_काका

सुतळीसाठी पैसे कुठं पाठवायचे?

मास्तर_भामरागड

सुतळी आहे. चिमटे संपलेत.

सहा_ठिपके

मी अंध आहे, स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकला. दोन विचारणा.

एक, मला वाचायचंय. माझ्याकडे ब्रेल प्रत आहे. ब्रेलमध्ये वाचताना माझा वेग डोळसांपेक्षा कमी पडतो, पण ग्रंथपाल सरांना पळणारा वाचक नकोच आहे. टेबल जरा रुंद लागेल, ब्रेलचं एक पुस्तक म्हणजे जाडजूड बाड असतं. संध्याकाळचा स्लॉट द्या. लाईट गेली तर वाचन चालू ठेवणारा एक तरी माणूस तुमच्याकडे असलेला बरा.

दोन, कुणीतरी लवकरच सुचवेल की बारा तास वाचताच आहात तर रेकॉर्ड करून अंध विद्यार्थ्यांना द्या. आधीच सांगते, नको. कायद्याची अडचण नाही. २०१२ च्या दुरुस्तीपासून आमच्यासाठी पुस्तक ध्वनिरूपात आणायला सूट आहे, आणि अंधांना वाचता येईल अशा रूपात पुस्तकं मिळावीत म्हणून झालेला मराकेश करार मान्य करणारा भारत २०१४ मध्ये पहिला देश होता. अडचण आवाजाची आहे. मागे गिऱ्हाईक "पेन कितीला" विचारतंय, ऑटोचा हॉर्न, दर वीस मिनिटांनी नवा आवाज आणि नवा उतारा. असलं रेकॉर्डिंग परीक्षेच्या आदल्या रात्री ऐकून बघा. ज्यांना खरंच करायचंय त्यांनी एका शांत खोलीत एक पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्यानं वाचावं, पान क्रमांक सांगत, चित्र-तक्ते शब्दांत सांगत. नाहीतर परीक्षेत लेखनिक म्हणून या, त्याची टंचाई कायमची आहे.

निवृत्त_ग्रंथपाल

ताई, सायंकाळी सात ते सात-वीस आपला. मी बाजूला बसून ऐकणार.

चष्मेवाली

ठरलेलं असं: जानेवारी, संक्रांतीनंतरचा रविवार, सकाळी आठ ते रात्री आठ. पैसे नाहीत, यादीतली पुस्तकं. काकांना काउंटरवरूनचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हा पोरगा कुठं काम करतो? पगार किती देतात त्याला?" त्यामुळे काउंटरवरून, व्यनि बघा.

यादीतलं कपाट ते स्वतः लावणार आहेत, चौघींसाठीच्या चार-चार प्रतींसकट. पत्रातली झिजण्या-फाटण्याची ओळ अर्धे वकील लिहून देतायत. खोकी गडचिरोलीला न्यायला दोन माणसं हवीत, सोमवारी सुट्टी काढू शकतील अशी.

छत्तीसपैकी अठ्ठावीस स्लॉट गेले. दुपारी एक ते दीडच्या जेवणाच्या वेळेला कोणी हात लावत नाहीये, आणि सकाळी आठचा पहिला तर अजून कोरा आहे.

तर्री_पोहे

आठचा माह्या नावानं लिहा. पोहे साडेसातलेच येऊन जातीन, मंग मी रिकामाच आहो. फक्त वाचाचं काय ते ग्रंथपाल सरांनी सांगावं, मले गंभीर काही देऊ नका, सकाळी सकाळी हसू येते.

खडूस_काका

एक ते एक-वीस मला द्या. आणि कपडे वाळवायचे चिमटे लाकडी घ्यायचे का प्लॅस्टिकचे, ते मास्तरांना विचारून सांगा.